घरच्या सरपणासाठी करवत कोणती घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भातं झोडून झाली, पेंढा रचून झाला की कोकणात आणि घाटमाथ्यावर लाकडांची कामं निघतात. गॅस घरोघर पोचला खरा, पण आंघोळीचा बंब, मागीलदारची चूल आणि भात उकडायचा हंडा अजून लाकडावरच आहेत. थंडीत कापलेलं लाकूड वैशाखाच्या उन्हात खडखडीत वाळतं आणि मिरगाच्या आत पडवीत जातं. पूर्वी या कामाला घरात चार गडी असत. आता बहुतेक घरांत एखादा माणूस, तोही साठीच्या पुढचा, आणि हातातल्या मोबाइलवर शंभर तऱ्हांच्या मशिनी. म्हणून हे प्रश्न.

सगळ्यात सुरक्षित करवत कोणती, एका वाक्यात सांगा.

चोवीस इंची पात्याची धनुष्याकृती हातकरवत, आणि लाकूड धरायला एक दणकट घोडी. एकाच प्रश्नाला दोन वस्तू सांगितल्या, कारण घोडीशिवाय कुठलीही करवत सुरक्षित नाही. हातकरवतीने लागतं ते बहुतेक वेळा लाकूड फिरलं, सटकलं किंवा पायाखाली दाबून धरलं होतं म्हणून. महागडी मशीन आणून ओंडका चपलेखाली धरणारे लोक आहेत. त्यापेक्षा जुनी करवत आणि नवी घोडी केव्हाही बरी.

पण आमच्याकडे लाकूड जाड आहे. हाताने कसं होणार?

किती जाड, ते आधी बघा. अंगणात पडलेल्या ढिगातले दहा नग उचलून मापा. घरगुती सरपणात मनगटाएवढ्या आणि दंडाएवढ्या फांद्याच जास्त निघतात. मांडीएवढे ओंडके थोडे, आणि फूटभर व्यासाचं खोड एखादंच. चार-पाच इंचापर्यंतचं लाकूड धारदार हातकरवतीने मिनिट-दोन मिनिटांत सुटतं. आठ इंचापर्यंत घाम निघतो, पण जमतं. त्याच्या पुढच्या दोन-तीन खोडांसाठी मशीन विकत घेण्यापेक्षा कटरवाल्याला, म्हणजे साखळीची मशीन चालवणाऱ्याला, एक दिवस बोलवा. गावात किंवा शेजारच्या वाडीत कोणी ना कोणी असतोच. त्याच्याकडून जाड खोडाच्या चकत्या करून घ्यायच्या, बाकीचं आपण सवडीने.

धनुष्याकृती करवत घेताना काय बघायचं?

लोखंडी नळीची वाकवलेली चौकट आणि तिच्या दोन टोकांमध्ये ताणलेलं अरुंद पातं, अशी ही करवत. पाती साधारण २१, २४ आणि ३० इंचांची मिळतात. ढोबळ हिशेब असा की पात्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या निदान दुप्पट हवी, नाहीतर हात नीट मागेपुढे होत नाही आणि भुसा बाहेर पडत नाही. ३० इंची करवत दोघांनी दोन बाजूंनी ओढायला छान, एकट्याला ती लडबडते.

दुकानात पातं ताणून बघा. बोटाने टिचकी मारल्यावर टणत्कार यायला हवा. ढिलं पातं लाकडात वाकडं जातं, मग माणूस जोर लावतो आणि त्या जोरातच हात घसरतो. मुठीपुढे बोटांना आडोसा आहे का, तेही पाहा. नसेल तर पातं खाली उतरल्यावर बोटांची पेरं लाकडावर सोलवटतात.

पाती दोन प्रकारची असतात आणि दुकानदार बऱ्याचदा हे सांगत नाही. ओल्या लाकडाच्या पात्यात चार-चार दाते आणि मधेमधे एक खोबणीचा, बुटका दाता असतो. तो ओला कीस ओढून बाहेर टाकतो. सुक्या लाकडाच्या पात्यात सगळे दाते सारखे, त्रिकोणी. सुक्या बाभळीला ओल्याचं पातं लावलंत तर ते अडखळत जातं. ताज्या आंब्याला सुक्याचं पातं लावलंत तर दात्यांत लगदा भरून दोन मिनिटांत थांबतं. चौकट एकच घ्या, पाती दोन्ही ठेवा.

सुताराची करवत घरात आहे. ती चालेल?

फळीसाठी ती ठीक. ओल्या फांदीत तिचं रुंद पातं अडकतं, आणि अडकलेलं पातं हिसडून काढताना ते वाकतं किंवा हाताला येतं. सुताराची करवत सुताराच्याच कामाला ठेवा.

दुमडायची छाटणी करवत कशी?

फार उपयोगी, पण तिच्या जागी. काजू-आंब्याच्या तीन इंचापर्यंतच्या फांद्या हिने सुरेख कापल्या जातात. ती ओढताना कापते, ढकलताना नाही. आपल्याकडची सवय ढकलून कापायची, त्यामुळे नवीन माणूस पातं पुढे रेटतो आणि ते मधेच कडकन वाकतं. उघडल्यावर पातं खटक्यात पक्कं बसतंय का, हे घेतानाच तपासा. खटका सैल असेल तर पातं बोटांवर मिटतं.

घोडी कशी करायची?

गावच्या सुताराकडून करून घ्या किंवा स्वतः करा, तासा-दोन तासांचं काम आहे. दोन मजबूत दांडे फुलीसारखे एकमेकांवर बांधायचे, तशीच दुसरी फुली, आणि दोन्हींना खालून आडव्या पट्ट्यांनी जोडायचं. दोन फुल्यांत फूट-सव्वा फुटाचं अंतर. वरच्या खोबणीत ओंडका ठेवला की तो आपल्या वजनाने बसतो, फिरत नाही. खोबणीचा तळ साधारण तुमच्या मांडीच्या मध्याएवढ्या उंचीवर यावा. वाकून कापावं लागलं तर कंबर जाते आणि मग लक्षही जातं.

कापायची जागा फुल्यांच्या बाहेर ठेवायची, मधे नाही. याचं कारण कळलं की करवतीची निम्मी भांडणं मिटतात. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल आणि मधे कापत गेलात, तर तो मधे खचतो, वरची फट मिटते आणि पातं आत धरलं जातं. टोक बाहेर लोंबत असेल तर ते खाली झुकतं, फट उघडते, तुकडा सरळ खाली पडतो. लोंबणारं टोक जड असेल तर आधी खालून जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा काप घ्या, मग वरून. नाहीतर शेवटी साल फाटत जाते आणि तुकडा पायावर येतो.

दोन्हीकडे टेकलेल्या ओंडक्याला मधेच कापायची वेळ आली तर क्रम उलटा: आधी वरून तिसरा हिस्सा, मग खालून. हाच नियम चेनसॉलाही, म्हणजे साखळीच्या मशीनलाही, लागू, आणि तिथे तो मोडला तर किंमत जास्त पडते.

तुकडे किती लांबीचे कापू?

चुलीला फूट-सव्वा फूट. बंबाला त्याच्या नळीच्या मापाने, साधारण वीतभर. बंबात कोणी लांब तुकडे टाकतं, ते अर्धे बाहेर राहतात आणि धूर घरात येतो. एक काठी हव्या त्या मापाची कापून जवळ ठेवा आणि ती धरून खडूने किंवा कोळशाने खुणा करा. खुणा सगळ्या ओंडक्यांवर आधीच करून घेतल्या तर कापताना थांबून विचार करावा लागत नाही.

आणि लक्षात घ्या, करवतीचं काम आडवं कापण्यापुरतंच. उभं चिरायला करवत वापरू नका. त्याला कुऱ्हाड, पहार आणि पाचर. ओलं असतानाच फोडलेलं बरं, कारण ऐन किंवा बाभूळ वाळल्यावर कुऱ्हाडीला दाद देत नाही.

बॅटरी, वायर की पेट्रोल? मशीन घ्यायचीच आहे.

घ्यायचीच असेल तर आधी हे मान्य करा की हातकरवत चुकली तर टाके पडतात, चेनसॉ चुकली तर हाड जातं. पेट्रोलच्या चेनसॉची साखळी सेकंदाला वीस मीटर किंवा त्याहून वेगाने पळते. तिला लुंगी आणि मांस यांतला फरक कळत नाही.

अंगणातल्या कामाला, तिन्हींत, चांगल्या कंपनीची बारा ते चौदा इंची बॅटरीची चेनसॉ मला सगळ्यात बरी वाटते. बोट काढलं की साखळी थांबते, दोरी ओढावी लागत नाही, धूर नाही, आणि बॅटरी काढून घेतली की ती निव्वळ लोखंड. एका बॅटरीत काम उरकत नाही, ही तक्रार लोक करतात. मला तो फायदाच वाटतो. बॅटरी संपते तेव्हा माणूसही दमलेला असतो.

वायरची मशीन स्वस्त आणि हलकी, पण वायर सांभाळणं हेच एक काम होऊन बसतं. पेट्रोलची मशीन रानात, विजेपासून लांब, जाड खोडांसाठी. रोज चालवणाऱ्याच्या हाताला ती शोभते. वर्षातून चार दिवस काढणाऱ्याच्या घरी ती सहसा सुरूच होत नाही, कारण टाकीत गेल्या वर्षीचं पेट्रोल तसंच असतं.

ऑनलाइन चार-सहा इंची मिनी चेनसॉ मिळते. स्वस्त आहे, बायकाही वापरू शकतात म्हणतात.

जाहिरातीत एका हाताने चालवताना दाखवतात, तिथेच पाणी मुरतं. एक हात मशीनवर असला की दुसरा आपोआप फांदी धरायला जातो, साखळीपासून वीतभर अंतरावर. स्वस्त नगांत साखळीला ब्रेक नसतो, पुढचा आडोसा नावापुरता असतो, आणि बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून असलेला खटका कधीकधी सुरुवातीपासूनच ढिला असतो. ज्या जाडीची लाकडं ती कापते, ती दुमडायच्या करवतीने तेवढ्याच वेळात होतात. घेतलीच असेल तर फांदी घोडीवर बांधून ठेवा आणि दोन्ही हात मशीनवर ठेवा. बाई चालवतेय की पुरुष, याने साखळीला काही फरक पडत नाही.

ग्राइंडरला लाकूड कापायची चकती लावून काम होईल?

नाही. हे एवढं एकच उत्तर आम्ही कोणाच्याही आग्रहाने बदलत नाही.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. तो लोखंड घासायला आणि फरशी कापायला केलेला आहे. त्याला दातेरी चकती किंवा साखळीची चकती लावली की एखादा दाता गाठीत अडकतो आणि सगळा ग्राइंडर उलटा फिरून अंगावर येतो: मनगटावर, मांडीवर, तोंडावर. त्याला साखळीसारखा ब्रेक नाही, आणि बऱ्याच ग्राइंडरांचं बटण एकदा पुढे सरकवलं की हात सुटला तरी मशीन चालूच राहते. वर चकती मोठी बसत नाही म्हणून लोक आडोसा काढून टाकतात. बाजारात ही चकती दीड-दोनशेला मिळते आणि व्हिडिओत सगळं लोण्यासारखं कापलं जातं. व्हिडिओ करणाऱ्याची बोटं मोजून बघा.

चेनसॉ विकत घेताना कोणत्या गोष्टी तपासू?

लांबी आधी. आपल्याकडे ५८ सीसीची, २२ इंची पात्याची मशीन सर्रास माथी मारली जाते, कारण ती दिसायला जबरदस्त असते. घरच्या लाकडाला १४ ते १६ इंच भरपूर झालं. पातं जितकं लांब तितकं टोक नजरेच्या पलीकडे, आणि अपघात टोकालाच होतो. शिवाय वजन. संध्याकाळी पाचला सहा-सात किलोची मशीन वेगळीच लागते.

मग हे बघा. पुढच्या मुठीसमोरचा आडोसा पुढे ढकलला की साखळी ब्रेकने जखडली पाहिजे. मशीन बंद ठेवून, हातमोजा घालून साखळी ओढून बघा: ब्रेक लागलेला असताना हलता कामा नये, सोडल्यावर सहज सरकली पाहिजे. रेसच्या दांड्याजवळ, तळहाताने दाबायचा वेगळा खटका हवा. तो दाबल्याशिवाय रेस वाढता कामा नये. खाली, पात्याच्या मुळाशी, साखळी तुटली तर अडवणारी छोटी खुंटी असते. पेट्रोलची मशीन सुरू करून नुसती धरली, रेस दिली नाही, तर साखळी स्थिर राहिली पाहिजे. हळूहळू फिरत असेल तर मशीन जागेवरच ठेवा.

जुनी मशीन घेत असाल तर हीच तपासणी दुप्पट कडक करा. ब्रेक "आम्ही काढून टाकलाय, मधेमधे यायचा" असं म्हणणारा विक्रेता भेटतो. त्याला नमस्कार करून निघा.

उलटा झटका म्हणजे काय?

पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला, किंवा मागच्या दुसऱ्या ओंडक्याला, टेकला की साखळी क्षणभर अडते आणि तिचा सगळा जोर पात्याला वर आणि मागे, तुमच्या मानेकडे, फेकतो. पापणी लवायच्या आत हे घडतं. सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून आधीपासूनच तसं उभं राहायचं की झटका आलाच तर पातं बाजूने जाईल.

मशीनच्या रेषेत डोकं नको, शरीर किंचित डावीकडे. डावा हात पुढच्या मुठीवर, अंगठा खालून वळवून घट्ट, डावखुऱ्यांनीही. उजवा मागे. खांद्याच्या वर कधीच नाही, शिडीवर तर नाहीच. ढिगात कापू नका, एकेक ओंडका बाहेर ओढून घोडीवर घ्या. ढिगात मागचं टोक दिसत नाही आणि साखळी नेमकी तिथेच जाऊन अडते.

सुरू करताना मशीन जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मागच्या मुठीत बुटाचं टोक दाबून दोरी ओढायची. हातात लटकवून झटक्यात सुरू करण्याची पद्धत कटरवाल्यांत फार आहे. त्यांची बघून शिकू नका.

कपडे काय घालू?

लुंगी, धोतर, साडीचा पदर, ओढणी, गळ्यातला टॉवेल आणि लोंबती माळ, यांतलं काहीही फिरत्या साखळीजवळ नको. फिट पँट, आत खोचलेला शर्ट, पायात आयएस १५२९८ या भारतीय मानकाची खूण असलेले पुढे लोखंडी टोपी असलेले बूट. डोळ्यांना चष्मा, तोही बाजूने बंद असलेला. कानांना डट्टे किंवा मफ, कारण पेट्रोल मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

चेनसॉसाठी खास पँट मिळते. तिच्या आतले लांब धागे साखळीत गुंतून मशीन बंद पाडतात. तिच्यावर आयएसओ ११३९३ लिहिलेलं असतं. तालुक्याला ती मिळत नाही, मागवावी लागते आणि स्वस्तही नाही. पण मशीनला जो खर्च करताय त्यातच ती धरा. तेवढे पैसे नसतील तर मशीन छोटी घ्या, पँट वगळू नका.

हातकरवतीला एवढा सरंजाम लागत नाही. बूट, आणि ज्या हाताने लाकूड धरता त्या हाताला जाड मोजा, बस्स.

वायरच्या मशीनला साधं एक्स्टेन्शन चालेल?

दोन हजार वॅटची मशीन सुमारे नऊ अँपियर ओढते. घरातलं छोटं सॉकेट सहा अँपियरचं, म्हणजे मशीन मोठ्या, सोळा अँपियरच्या सॉकेटलाच लावायला हवी. एक्स्टेन्शनची वायर दीड चौरस मिलिमीटरची, अंतर लांब असेल तर अडीचची. गणपतीत रोषणाईला वापरलेली बारीक वायर गरम होऊन वितळते. लाइनवर तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मोटर गुरगुरते आणि तापते, तेव्हा काम थांबवा. वायर खांद्यावरून मागे टाका, म्हणजे ती साखळीच्या वाटेत येत नाही. दव पडलेल्या गवतावर सकाळी सात वाजता सुरुवात करू नका.

पेट्रोलमध्ये ऑइल किती?

मशीनच्या पुस्तकात असेल तेच. पन्नासास एक असेल तर लिटरला २० मिली, पंचविसास एक असेल तर ४० मिली, टू-स्ट्रोकचं ऑइल. साखळीचं ऑइल वेगळं, त्याची टाकीही वेगळी. तिथे गाडीचं काढलेलं काळं ऑइल ओतू नका, ते साखळीवरून उडून तुमच्या अंगावर आणि त्याच सरपणावर बसतं. टाकी भरताना मशीन थंड, बिडी लांब.

धार गेली हे कसं ओळखायचं?

भुशाकडे बघा. धारदार साखळी जाडसर ढलप्या टाकते, बोथट साखळी पिठासारखी पूड. मशीन आपसूक लाकडात उतरायला हवी. दाबावं लागलं की थांबा. बोथट करवतच जास्त धोक्याची, कारण तिच्यावर जोर पडतो.

साखळीला गोल काणस लागते आणि तिचं माप साखळीवर ठरतं: छोट्या घरगुती साखळीला बहुधा ४ मिलिमीटर, मधल्याला ४.८. प्रत्येक दात्याला सारखेच घाव, आतून बाहेर, एकाच दिशेने. एका बाजूचे दाते जास्त झिजले की काप वाकडा जातो. हातकरवतीच्या दात्यांची टोकं काळसर-निळी दिसत असतील तर ती कडक केलेली आहेत, काणस तिच्यावर नुसती घसरते. असं पातं बदलायचंच असतं.

वादळात पडलेलं झाड स्वतः कापू का?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यात नारळी-पोफळी, आंबे, फणस आडवे झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात ज्याच्या त्याच्या हातात कटर आला. अशा झाडांतला ताण बाहेरून दिसत नाही. मुळासकट उपटलेलं खोड बुंध्याकडून कापलं की मातीचा गड्डा धपकन परत खड्ड्यात बसतो, आणि त्या खड्ड्यात डोकावणारं कोणी असलं तर तो वाचत नाही. वाकून अडकलेली फांदी कापली की ती धनुष्यासारखी सुटते. विजेची तार त्यात गुंतलेली असेल तर महावितरणला कळवा, गोव्यात वीज खात्याला, आणि हातही लावू नका. पडलेल्या झाडाच्या शेंड्याच्या, मोकळ्या लोंबत्या फांद्या हातकरवतीने जरूर काढा. बुंधा जाणकाराला ठेवा.

माडाचं खोड सरपणाला फारसं कामाचं नाही. ते साखळी लवकर बोथट करतं आणि जळतंही रडतखडत. त्याचे ओंडके ओट्याच्या पायऱ्यांना लावा.

कुठलं लाकूड कापायचं टाळू?

बिब्बा. ओळखता येत नसेल तर ज्याला येतं त्याला विचारा. त्याचा चीक अंगाला लागला की बिब्बा उततो, फोड येतात, आणि जाळल्यावर धुरानेही त्रास होतो. कुऱ्हाडीने तोडताना चीक एका जागी राहतो, करवतीने मात्र तो भुशाबरोबर हातभर उडतो. काजू आणि आंबा त्याच कुळातले, त्यांच्या ओल्या चिकानेही काहींची कातडी सोलते, म्हणून पूर्ण बाह्या घाला. खाडीकाठची हुरा आणि कुंपणाचा शेर यांचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकतं. कण्हेर विषारी, चुलीत नको.

जुन्या घराच्या वाशांत आणि रिपांत खिळे असतात. खिळ्यावर हातकरवत गेली तर चर्रर्र होऊन दोन दाते जातात. साखळी गेली तर ठिणगी उडते आणि तुटलेला दाता कुठे जाईल ते सांगता येत नाही. लोहचुंबक फिरवा, साल काळीनिळी पडलेली जागा सोडा. कुंपणाला लावलेल्या झाडांत काटेरी तार पूर्ण गिळलेली असते, हे विसरू नका. रंग दिलेलं लाकूड चुलीत जाळू नका.

आमचंच झाड, आमच्याच आवारात. परवानगी लागते?

फांद्या छाटणं आणि झाड तोडणं यांत फरक आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह अशी आपल्या परसातलीच नावं आहेत. ती झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते. शहरांना १९७५ चा वेगळा कायदा, गोव्याला १९८४ चा. वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. करवत विकत घेण्याआधी विचारलंत तर आणखी बरं.

वडील पंच्याहत्तरीचे आहेत, ऐकत नाहीत, रोज लाकडं कापतात.

कापू द्या. त्यांच्या हाताला करवतीची लय असते, ती तुमच्या नव्या मशीनला नाही. फक्त त्यांना नवं पातं आणून द्या, घोडी त्यांच्या उंचीला बेताची करा, आणि ते कापत असताना घरात कोणीतरी हाकेच्या अंतरावर असू द्या. चेनसॉ मात्र एकट्याने कोणीच चालवायची नाही, कुठल्याही वयात. मुलांना दोन-तीन ओंडक्यांच्या अंतरावर ठेवून भागत नाही, त्या वेळी ती अंगणातच नकोत.

करवत लागलीच तर?

स्वच्छ फडक्याने जखम घट्ट दाबा आणि दाबूनच ठेवा. दर मिनिटाला उचलून बघू नका. हात-पाय वर धरा. हळद, तंबाखू, चहापूड, चेचलेला दगडीपाला जखमेत भरू नका. खरचटण्याला तो चालत असेल, खोल कापाला नाही. रक्त फडक्यातून भळाभळा येतच राहिलं तर जखमेच्या वर रुंद पट्टी करकचून बांधा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. १०८ ला फोन करा, महाराष्ट्रात आणि गोव्यात तोच नंबर. बोट तुटलं असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा, बोट थेट बर्फावर नको. धनुर्वाताचं इंजेक्शन लहान जखमेलाही.

कापलेली लाकडं आणि करवत कुठे ठेवू?

करवत पुसून, पात्यावर खोबरेल किंवा मशीनच्या तेलाचा हात फिरवून, मुलांच्या हाताबाहेर खिळ्याला टांगा. पावसाळ्यात उघडं पातं आठवड्यात गंजतं. चेनसॉची टाकी रिकामी करून, पात्यावर म्यान चढवून, बॅटरी असेल तर काढून घरात ठेवा. बॅटरी उन्हात नको, बंबाजवळही नको.

लाकडं जमिनीवर थेट रचू नका. खाली दोन दगडांवर आडवे वासे टाका, वारा खेळला पाहिजे. ढिगात फुरसं, विंचू आणि घोण हमखास बसतात. लाकूड काढताना आधी काठीने खडखड करा, मग हात घाला, आणि संध्याकाळी बंब पेटवायच्या वेळी टॉर्च घेऊन जा, अंदाजाने नको.